खेड्यात फायबर: मोठ्या कंपनीची वाट किती बघायची?

माळरान
गावाच्या कडेने फायबर टाकून झाली त्याला काही वर्षं उलटली. रस्त्याकडेच्या चरात पाइप सोडताना सगळ्यांनी पाहिलंय. ती फायबर आमच्या दारावरून पुढच्या शहरात जाते आणि आमच्या घरात अजून तांब्याच्या तारेवरचं नेट आहे. पाऊस पडला की तेही जातं. कनेक्शन मागायला गेलं की ठरलेलं उत्तर: "तुमच्या लोकेशनला फिजिबिलिटी नाही." म्हणजे तिथे जोडणी देणं शक्य नाही. कधी होईल? "वरून प्लॅन आलेला नाही." वरून म्हणजे कुठून, ते कोणी सांगत नाही.

संताप येतो तो याचा, की या भागातले खांब त्याच एका कंपनीचे, जमिनीखालचे डक्ट, म्हणजे केबल ओढायचे पाइप, तिचे, एक्स्चेंज तिचं आणि खेड्यांसाठी निघालेलं अनुदानही तिलाच. दुसरी कंपनी यायला तयार नाही, कारण तिला पहिल्या फुटापासून खोदावं लागणार. त्यात "पुढच्या वर्षी आम्हीच येतोय" ही घोषणा दर वर्षी होते. ती ऐकून जो कोणी यायच्या विचारात असेल तोही मागे सरतो.

आमच्या घरात दोघं घरून काम करतात आणि मुलगी शिकतेय. एकाची मीटिंग सुरू झाली की मुलीचा तास बंद. मुलांच्या शिक्षणावर येऊन ठेपलं की हा विषय नुसत्या गैरसोयीचा राहत नाही.

तर प्रश्न असा: या कंपनीच्या मागे लागत राहायचं, की तिचा नाद सोडून गावाने आपली वाट धरायची? कोणी केलंय का असं काही? अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

चौकस
अगदी अगदी. आमच्याकडे लाइन दुरुस्त व्हायच्या आधीच "आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे" असा मेसेज येतो. तीच तक्रार पुन्हा उघडायची सोय नाही, नवी नोंदवावी लागते. म्हणजे कागदोपत्री यांच्या सगळ्या तक्रारी वेळेत सुटलेल्या!

तारवाला
मी आयुष्यभर केबल जॉइंटर म्हणून काम केलं. कुठल्या कंपनीत ते सांगत नाही, सगळीकडे कमीअधिक सारखंच आहे. आधी एक विनंती: दारात येणाऱ्या पोरांवर राग काढू नका. त्यांच्या हातात प्लॅनही नसतो आणि सामानही नसतं.

तांब्याचं दुखणं समजून घ्या. एक्स्चेंजला लागून असलेल्या घराला तांब्यावर २४ एमबीपीएसपर्यंत मिळू शकतं (म्हणजे सेकंदाला २४ मेगाबिट, आठ मेगाबिटांचा एक एमबी). तीच तारांची जोडी चार-पाच किलोमीटर गेली की एक-दोन एमबीपीएसवर येते, कधी लाइन धरतच नाही. त्याला प्लॅन बदलून काही होत नाही, ते तारेच्या लांबीचं गणित आहे. खेड्यातली घरं नेमकी त्या लांबीच्या शेवटाला असतात.

वर जॉइंटची अवस्था. रस्त्याकडेचा पिलर, म्हणजे तारा जोडायची पेटी, उघडला की अनेकदा आतल्या टॅगवर हिरवा थर चढलेला, दोन जोड्यांना नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेली, तळाला पाणी. जो आला त्याने आपली एक जोडी कशीबशी जिवंत केली आणि गेला. पूर्ण केबल बदला असा रिपोर्ट आम्ही देत होतो. वरून उत्तर यायचं, आता फायबर येणार आहे, तांब्यावर खर्च नको. फायबर आली नाही आणि तांबंही सडलं. माळरान म्हणतात तो "दर वर्षी येणार" प्रकार आम्ही आतून पाहिलाय.

हिशेबनीस
सगळ्यांचा राग समजतो, पण दुसरी बाजू मांडतो. फायबरची काच स्वस्त असते. महाग असतं ते खोदणं, रस्ता पूर्ववत करणं, परवानग्या. जाळं नव्याने टाकताना खर्चाचा मोठा वाटा या स्थापत्यकामातच जातो. शहरात एक चर खोदला की एका इमारतीतच शंभर ग्राहक मिळतात. खेड्यात तेवढाच चर खोदून पाच-सात घरं लागतात आणि त्यातली तीनच कनेक्शन घेतात. कोणतीही कंपनी आधी शहरात जाणार. यात दुष्टावा नाही, हिशेब आहे.

रानवाटा
@हिशेबनीस, हिशेब मान्य. पण त्या हिशेबातला खड्डा भरून काढायलाच तर लोकांच्या पैशातून अनुदान देतात. अनुदान घेतल्यावर पुन्हा "परवडत नाही" हे कारण चालणार नाही.

ब्रिटनचं उदाहरण बघा. तिथल्या सरकारने ग्रामीण ब्रॉडबँडसाठी भागवार कंत्राटं काढली. स्पर्धा होईल अशी अपेक्षा होती. इतर कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या आणि कंत्राटं बीटी या तिथल्या जुन्या मोठ्या टेलिफोन कंपनीच्याच पदरात पडली. २०१३ मध्ये तिथल्या संसदेच्या लोकलेखा समितीने यावर कडक ताशेरे ओढले. त्यातला माळरान यांच्या कामाचा मुद्दा असा: कोणत्या गावापर्यंत जाळं जाणार आणि कोणतं वगळणार, हे तपशिलात जाहीरच होत नव्हतं. मग स्वतःच्या बळावर काही करू पाहणारी गावं अडकली. आपण खोदायला घेतलं आणि सहा महिन्यांत कंपनी अनुदानावर आली तर? अशा अनिश्चिततेत गुंतवणूक कोण करणार? "वरून प्लॅन आलेला नाही" याचा खरा तोटा हा आहे. नकार मिळाला तर माणूस दुसरीकडे जाऊ शकतो, इथे नकारही मिळत नाही.

झुळूक
शेवटचं वाक्य फार पटलं.

निरामय
मी ग्रामीण आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. सगळी चर्चा डाउनलोडवर होते, मला अपलोडबद्दल बोलायचंय. तज्ज्ञाला सीटी स्कॅन पाठवायचा तर फाइल सहज ३०० एमबीची असते. तांब्यावर अपलोड १ एमबीपीएस धरला तर तिला ४० मिनिटं लागतात, तेही लाइन मधे तुटली नाही तर. डोक्याला मार लागलेल्या पेशंटचे नातेवाईक समोर उभे असतात आणि आम्ही स्क्रीनवरची पट्टी सरकताना बघत असतो. मग निर्णय होतो की थांबू नका, गाडी काढा, शहरात न्या. काही वेळा तो प्रवास टाळता आला असता हे नंतर कळतं.

त्यामुळे "खेड्यात लोकांना व्हिडिओ बघायला हवेत" असं कोणी म्हणालं की मला ते ऐकवत नाही.

गुगली
माळरान, तुमच्या नेटपेक्षा तुमचा धागा जोरात पळतोय. :)

निरामय, तुमच्या प्रतिसादानंतर आणखी गंमत करवत नाही. लिहीत राहा.

ध्रुव
एक शंका. एवढं खोदायचंच कशाला? मोबाइल टॉवर आहेत, आता खालच्या कक्षेतले उपग्रहही आहेत. फायबरचा हट्ट का?

तारवाला
@ध्रुव, टॉवरला नेट कुठून येतं? तोही फायबरवर किंवा मायक्रोवेव्हच्या दुव्यावर असतो. खेड्यातले बरेच टॉवर मायक्रोवेव्हवर चालतात आणि संध्याकाळी सगळं गाव एकदम नेटवर आलं की तो दुवा भरतो. फोनवर चार दांड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच. टॉवर सुधारायचा म्हटला तरी आधी टॉवरपर्यंत फायबर न्यावी लागते.

रानवाटा
उपग्रहाबद्दल थोडी भर. जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. सिग्नल वर जाऊन खाली येऊन उत्तर मिळेपर्यंत सहाशे मिलिसेकंदांच्या आसपास जातात, बोलताना एकमेकांच्या वाक्यावर वाक्य पडतं. स्टारलिंकसारखे नवे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, तिथे हा त्रास जवळजवळ जातो. डोंगरातल्या एकट्या घराला हा उपाय उत्तमच. पण एका भागावरची क्षमता तिथल्या सगळ्यांत वाटली जाते. दाट वस्तीच्या गावाला फायबरची जागा तो घेऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियानेही आपले स्काय मस्टर उपग्रह दुर्गम भागांसाठी ठेवले, बाकी जाळं जमिनीवरच उभं केलं.

ध्रुव
समजलं, धन्यवाद. म्हणजे माझा उपाय शेवटच्या घरांसाठी.

पायवाट
इथे सगळे खासगी कंपनीला धरून बोलताहेत. मक्तेदारी सरकारी असली तरी दुखणं फार वेगळं नसतं. भारतनेट ही ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची सरकारी योजना घ्या. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी, तेव्हा नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या, मूळ मुदत दोन वर्षांची. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं. पैसा नव्हता असंही नाही. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरच्या आकारातून भरणारा निधी त्यासाठीच होता.

मी यातल्या एका पंचायतीचं कामकाज जवळून पाहिलं. कार्यालयाच्या कोपऱ्यात भिंतीला लोखंडी कपाट, आत उपकरण, खाली बॅटरीची जागा. उद्घाटनाच्या दिवशी हिरवे दिवे लागले. नंतर बॅटरी गेली, बदलली नाही. वीज गेली की उपकरण बंद आणि वीज आली तरी ते चालू करायचं काम कोणाचंच नाही. फायबर पंचायतीपर्यंत आली, तिथून घरापर्यंत कोणी न्यायची हे ठरलेलं नव्हतं. पण यादीत गाव "जोडलेलं".

२०२३ मध्ये सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, १,३९,५७९ कोटींचा. त्यात रिंग पद्धतीचं जाळं आहे, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. दहा वर्षांची देखभालही कंत्राटात आहे. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्या होत्या. किलोमीटर मोजले की किलोमीटर मिळतात, चालू कनेक्शनं मोजली असती तर बॅटरी कोणीतरी बदलली असती.

चौकस
@पायवाट, "यादीत जोडलेलं" हे अगदी नेमकं पकडलंत. आमचं गावही कंपनीच्या नकाशावर रंगवलेलं आहे. फोन केला की तोच माणूस म्हणतो फिजिबिलिटी नाही.

रानवाटा
नकाशाचा हा घोळ अमेरिकेत फार मोठा झाला होता. तिथे जनगणनेच्या एका छोट्या गटात एका जरी घराला कंपनी सेवा देऊ शकत असेल, तर तो अख्खा गट "सेवा उपलब्ध" धरायचे. ग्रामीण भागात असा गट मैलोन्‌मैल पसरलेला असतो. म्हणजे रस्त्यालगतच्या एका घरामुळे मागची सगळी घरं अनुदानातून बाद. शेवटी २०२२ मध्ये घरागणिक नकाशा आला आणि त्यावर नागरिकांना हरकत घेता येऊ लागली. "आमच्या घरी सेवा नाही" हे लोकांनी पुराव्यानिशी सांगायचं.

माळरान, दबाव आणायचा तर इथून सुरुवात करा. घरागणिक यादी मागा. गाव हे एकक मान्यच करू नका.

हिशेबनीस
हे मलाही पटतं. आणि एक गोष्ट माझ्याकडून: खरा अडसर डक्टचा आहे. डक्ट म्हणजे पाणंद आहे, गाडी कोणाचीही असो, वाट सगळ्यांना मोकळी हवी. ब्रिटनमध्ये २००६ साली बीटीच्या जाळ्याचा भाग ओपनरीच म्हणून वेगळा काढला, २०१७ मध्ये त्याला कायद्याने स्वतंत्र कंपनी करायचं ठरलं. ठरलेलं भाडं भरून त्यांचे डक्ट आणि खांब इतरांना वापरता येतात. नियम सुटसुटीत झाल्यावर तिथे लहान फायबर कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्या आल्या म्हणून मोठीही हलली. आपलं गिऱ्हाईक दुसरा नेतोय हे दिसलं की प्लॅन वरून लवकर येतो.

म्हणून "आम्हाला फायबर द्या" यापेक्षा "डक्टचं भाडं जाहीर करा आणि वापरू द्या" ही मागणी जास्त जोराची.

माळरान
सगळ्यांचे आभार, इतकं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पण गावाने स्वतः करायचं म्हटलं तर कोणी केलंय का, हे अजून आलं नाही.

बांधकरी
केलंय. इंग्लंडच्या लँकेशरमध्ये २०११ साली लोकांनी एक संस्था काढली, ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ. लोक तिला बी-फोर-आर-एन म्हणतात. नफा वाटून न घेणारी, समाजहितासाठी नोंदलेली. गावकऱ्यांनीच शेअर घेतले. सगळ्यात मोठी युक्ती: रस्ता खोदलाच नाही. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून डक्ट न्यायला फुकट परवानगी दिली, त्यामुळे हिशेबनीस म्हणतात तो रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च गेला. खोदायला लोक स्वतः उतरले. घराघरात १ जीबीपीएस, म्हणजे हजार एमबीपीएस, अपलोडलाही तेवढाच वेग.

अमेरिकेतही अशी वाट आहे. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर शेतकऱ्यांच्या वीज सहकारी संस्था झाल्या, कारण खासगी वीज कंपन्यांना शेतापर्यंत तार नेणं परवडत नव्हतं. त्यातल्या अनेक संस्था आज स्वतःच्याच खांबांवरून फायबर नेतात.

चौकस
वाचायला छान. पण आमच्याकडे दोन भावांत बांधावरून बोलणं नाही. त्यांच्या शेतातून डक्ट नेणार कोण? आणि रात्री केबल तुटली तर? स्वयंसेवकाला उठवायचं?

बांधकरी
रास्त प्रश्न. परवानगी तोंडी घ्यायची नाही. एक पानी करार, डक्ट किती खोल, कुठून आणि दुरुस्तीला यायचं तर आधी कसं कळवायचं, एवढं त्यात. वाद असलेला बांध सरळ टाळून वळसा घ्यायचा, काही मीटर डक्ट जास्त गेली तरी चालते. देखभालीला मात्र पगारी माणूसच हवा. तो खर्च मासिक वर्गणीत पहिल्या दिवशी धरला नाही तर पायवाट यांनी लिहिलेली बॅटरीची गत होते. मी हे छोट्या प्रमाणावर केलेलं पाहिलंय, दोन वस्त्यांपुरतं. उत्साह खोदताना असतो, तो दुसऱ्या पावसाळ्यात राहत नाही.

तारवाला
दुरुस्तीचं भय फार बाळगू नका. तांब्यापेक्षा फायबर निगेला सोपी, पाण्याने सडत नाही. जोड असा करतात: वरचं आवरण सोलायचं, आतली काच ०.१२५ मिलिमीटरची, ती स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरने टोक काटकोनात तोडायचं, मग मशिनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर. पडद्यावर ती मोठी दिसतात, एक ठिणगी आणि काच एकजीव. वर बाही सरकवून गरम करायची. धुळीचा कण राहिला तर जोड वाया, म्हणून वाऱ्यात गाडीच्या आत बसून करतात. गावातली दोन पोरं हे नीट शिकू शकतात. मशिन महाग आहे, ते चार-पाच गावांत मिळून घ्यावं.

आणि माळरान, तुमच्या गावाला फार काचेच्या तारा लागतही नाहीत. आता वापरतात त्या जीपॉन पद्धतीत एका तारेवर स्प्लिटर, म्हणजे तिचा प्रकाश वाटून देणारा भाग, लावून ३२ किंवा ६४ घरं चालतात, अंतर २० किलोमीटरपर्यंत. दोनशे घरांना सात तारा पुरे. तुमच्या रस्त्याकडेला कुठे चेंबर दिसतो का? सिमेंटचं झाकण, त्यावर बहुतेक नंबर.

माळरान
आहे! शाळेच्या वळणावर. मागे दुरुस्तीवाल्यांनी झाकण उघडलं होतं तेव्हा आत काळ्या केबलचं वेटोळं आणि एक लांबट काळा डबा दिसला होता.

तारवाला
वेटोळं म्हणजे राखून ठेवलेली लांबी आणि डबा म्हणजे जॉइंट क्लोजर, त्यात तारांचे जोड असतात. म्हणजे तुमच्या गावापाशी केबल आधीच उघडून जोडलेली आहे. त्यात मोकळ्या तारा असतील तर तिथून गावाला फाटा देता येतो, नवा चर फक्त गावातल्या गावात. "फिजिबिलिटी नाही" हे उत्तर मग तांत्रिक राहत नाही. तुम्ही स्वतः झाकणाला हात लावू नका, फक्त नंबर टिपून घ्या.

माळरान
हे वाचून अंगात बळ आलं. गावातल्या सात-आठ जणांशी बोलले. आता "कनेक्शन द्या" असा अर्ज करणार नाही. लेखी विचारणार: चेंबर क्रमांक अमुक मधल्या किती तारा मोकळ्या आहेत, घरागणिक योजना कोणत्या तारखेची आहे, आणि योजना नसेल तर डक्ट व तारा भाड्याने द्यायचा दर काय. दूरसंचार नियामकाला प्रत. सोबत घरांची यादी, प्रत्येक घरी आज मिळणारा वेग लिहून. एकीकडे बांधकरींच्या वाटेने शेतमालकांच्या परवानग्याही गोळा करतोय. दोन्ही एकदमच.

झुळूक
मसुदा झाला की इथे टाका, आम्हालाही हवाय.

हिशेबनीस
उत्तम. पण एक गोष्ट आत्ताच ठरवा. गावठाणातली घरं जोडणं सोपं. लांबच्या वस्तीवरची दहा-बारा घरं सगळ्यात महाग पडतील आणि त्यांचा खर्च कोणी द्यायचा यावरून संस्था फुटते. ब्रिटनने मार्च २०२० पासून १० एमबीपीएस मागण्याचा हक्क दिला, पण एका घरामागे ३,४०० पौंडांची मर्यादा घालून. वरचा खर्च घरमालकाने द्यायचा. ज्यांना सर्वांत गरज त्यांनाच न झेपणारी कोटेशनं मिळाली.

निरामय
आमचं केंद्र अशाच टोकाला आहे. टोकाची घरं नंतर बघू म्हणणाऱ्या योजनेला मी तरी पाठिंबा देणार नाही.

हिशेबनीस
@निरामय, नंतर बघू असं म्हणत नाहीये. आधी गावठाण जोडलं तर वर्गणी सुरू होते आणि त्या पैशावर वस्ती जोडता येते. उलट क्रमाने गेलात तर पहिल्याच वर्षी पैसे संपतील.

पायवाट
क्रम काहीही ठेवा, पण करारात लिहा की यादीतलं शेवटचं घर चालू झाल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता नाही. आणि तो हप्ता किरकोळ ठेवू नका.

तारवाला
वस्तीपर्यंत विजेचे खांब असतील तर चर खोदूच नका, वीज कंपनीची लेखी परवानगी घेऊन वरून केबल न्या. खर्च पुष्कळ उतरतो. माळरान, शाळेच्या वळणापासून वस्तीपर्यंतचे खांब आणि दोन खांबांमधलं अंतर लिहून पाठवा. कुठे रस्ता ओलांडावा लागतो आणि कुठे झाडं तारेला लागतात तेही. किती केबल लागेल ते मी काढून देतो.